फ्रिजचं बटण मी फिरवलं होतं

आई,

तुमच्या इन्सुलिनची बाटली परवापर्यंत माझ्या ऑफिसच्या बॅगेत होती. चष्म्याच्या रिकाम्या डबीत, रुमालात गुंडाळलेली. तुम्ही गेल्यावर माधवी तुमची औषधं एका पिशवीत भरत होती, तेव्हा तिनं विचारलं, "बाटली कुठे गेली?" मी म्हटलं, "हॉस्पिटलात राहिली असेल." तिनं मान हलवली. तिच्या हातात तुमचा चष्मा होता. बाटलीकडे तिचं लक्ष नव्हतंच.

रोज सकाळी ती बॅग खांद्याला लावून मी ऑफिसला जात होतो आणि संध्याकाळी परत आणत होतो. फेकून देता आली असती. शास्त्री नगरातून बाहेर पडेपर्यंत कचऱ्याचे कितीतरी ढीग लागतात. फेकली नाही, कारण ती गेली असती तर माझ्याशिवाय कुणालाच कधी काही कळलं नसतं, आणि स्वतःवर तेवढा विश्वास ठेवायची माझी हिंमत नव्हती.

तुम्हाला पहिल्यापासून सांगतो. सांगलीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये तुमचा जन्म गेला, मधूनच सुरू केलेलं बोलणं तुम्हाला चालायचं नाही. मी, तुमचा जावई, ऑफिसातून आल्या आल्या काहीतरी सांगत सुटलो की तुम्ही हात वर करायचात. "अविनाशराव, आधी गाव सांगा, मग नंबर सांगा. त्याशिवाय लाईन जोडायची कशी?"

तर गाव म्हणजे आपलं जयपूरचं स्वयंपाकघर. महिना मे.

रेवाची दहावी झाली होती. दिवसभर दारं-खिडक्या बंद, बाहेर उन्हाची लू, घरात कूलरचा घरघराट, आणि तुम्ही दोघी. तिनं मोबाईलवर कुठेतरी आइस्क्रीमचं मशीन पाहिलं आणि माझ्या मागे लागली. त्यातलं सगळ्यात स्वस्त होतं ते मी मागवलं. खोक्यातून बाहेर काढल्यावर तुम्ही ते उलटंसुलटं करून बघितलंत आणि म्हणालात, "ह्यात मशीन कुठाय?"

खरंच, मशीन असं त्यात फार नव्हतं. जाड दुहेरी भिंतीचं एक भांडं, भिंतींच्या आत कसलंसं पाणी भरलेलं. वर प्लास्टिकचं झाकण, झाकणात एक छोटी मोटर, मोटरीला पातं. गोठवायचं काम मशीनचं नाहीच, ते आपल्या फ्रीझरचं. भांडं आधी फ्रीझरमध्ये ठेवून दगडासारखं करायचं, मग त्यात थंड दूध, साय, रस ओतायचं आणि मोटर सुरू करायची. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की भांडं कानाशी धरून हलवा, आत डुचमळल्याचा आवाज आला तर अजून गोठलेलं नाही.

ते काम तुमच्याकडे आलं. तुम्ही ते गार भांडं पदरात धरून कानाला लावायचात. "हॅलो, सांगली? हॅलो?" मग मान हलवून रेवाकडे परत द्यायचात. "लाईन लागंना गं. ठेव परत."

पहिल्या वेळी ते दोन दिवस ठेवूनही नीट गोठलं नाही. तरी रेवानं घाई केली. मोटर अर्धा तास खरखरली आणि भांड्यात आंब्याचं पातळ दूध तसंच राहिलं. तुम्ही चमचाभर चाखलंत. "ही गार बासुंदी झाली की. एवढ्यासाठी कानाला त्रास कशाला?"

"आजी, मतलब तू चिडवू नको ना," रेवा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

आणि मी, मुलीचा बाप, पुढे झालो. आपला फ्रिज एका दाराचा, जुना. प्रत्येक बदलीच्या वेळी मी म्हणायचो, पुढच्या गावी मोठा घेऊ. सामान बांधायचं, उतरवायचं, जिना चढवायचा, त्यात दोन दारांचा फ्रिज कुठे ओढत न्यायचा? बदलीवाल्यांच्या घरात सगळं लहानच असतं. म्हणून तो लहान फ्रिज तीन गावं फिरून जयपूरला आला. त्याचं गारठ्याचं बटण वर्षानुवर्षं मधल्या आकड्यावर होतं. मी ते शेवटच्या आकड्यापर्यंत फिरवलं. "उद्या बघ," मी रेवाला म्हटलं.

फ्रीझरच्या अगदी खाली जो उथळ ट्रे असतो, त्यात तुमची इन्सुलिनची बाटली होती. तिथे ती मीच ठेवली होती.

आठवतंय ना त्यावरून आपलं किती वाजलं होतं? आधी बाटली फ्रिजच्या दारात असायची. उन्हाळा लागल्यावर मला वाटलं, दार सारखं उघडतं, तिथे गरम होत असेल, आत ठेवावी. तुमचं म्हणणं होतं, माठाजवळ ठेवा. "ह्यांचं इन्सुलिन आम्ही माठातच ठेवत होतो. सांगलीला लाईट किती जायची! ओल्या वाळूत बाटली. काही झालं नाही कधी." मी हसलो. मी तुम्हाला कोल्ड चेन समजावून सांगितली, आई. मोठ्या शहाण्यासारखा, ताटावर बसून. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, "बरं. तुमचं शास्त्र, तुमचा फ्रिज." वाद तिथेच राहिला. आता मला रोज वाटतं, त्या दिवशी मी हरलो असतो तर.

दुसऱ्या दिवशी भांडं खणखणीत गोठलं. तुम्ही कानाला लावून म्हणालात, "लागली!" आणि रेवानं टाळ्या वाजवल्या. त्या दुपारचं आइस्क्रीम मी आयुष्यात खाल्लेलं सगळ्यात चांगलं आइस्क्रीम होतं, हेही तुम्हाला सांगायचं राहिलं. माधवी सीतापुऱ्याच्या कॉलेजातलं काम संपवून बसनं धुळीत माखून आली, तिला रेवानं दारातच वाटी दिली. तुम्हाला माधवीनं एक चमचा मंजूर केला. "एकच हं आई." तुम्ही तो चमचा इतका वेळ तोंडात धरलात की आम्ही सगळे हसायला लागलो.

मग ते रोजचं झालं. बटण शेवटच्या आकड्यावरच राहिलं. काकडी काचेसारखी व्हायला लागली, कोथिंबीर काळी पडली, दह्यात बर्फाचे खडे यायला लागले. तुम्ही दोनदा म्हणालात, "अहो, फ्रिजला काहीतरी झालंय, बघा की." मी म्हटलं, "आइस्क्रीम पाहिजे ना नातीचं? मग सहन करा." फ्रिज तुमच्याशी बोलत होता, तुम्ही माझ्याशी बोलत होता, आणि मी विनोद करत होतो.

आता त्या सकाळचं सांगतो.

माधवी लवकर निघायची, म्हणून सकाळचं इंजेक्शन माझ्याकडे होतं, संध्याकाळचं तिच्याकडे. सुरुवातीला तुम्ही मला हात लावू देत नव्हता. "जावयाकडून टोचून घ्यायचं? लोक काय म्हणतील?" मी म्हटलं, "जयपूरमध्ये आपले लोक आहेतच किती?" मग ठरलं, पोटावर नाही, दंडावर. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसायचात आणि जुन्या ट्रंक लाईनसारखी गावं म्हणायचात, "सांगली, मिरज, जयसिंगपूर, कोल्हापूर..." कोल्हापूर यायच्या आत सुई बाहेर पाहिजे, अशी अट होती. कधी उशीर झाला तर म्हणायचात, "आज निपाणीपर्यंत नेलंत की हो." जावई आणि सासूबाई यांच्यामध्ये जो संकोच असतो, तो आपला त्या गावांमधून हळूहळू निघून गेला. माझी आई मी शाळेत असताना गेली. कुणाच्या तरी दंडावर रोज सकाळी कापसाचा बोळा दाबून धरणं, एवढी जवळीक मला कुणी दिली नव्हती.

त्या सकाळी मी ट्रेमधून बाटली काढली आणि ती हलवली, तर आतलं हललं नाही. औषध गोठलं होतं.

मी घड्याळाकडे पाहिलं. ऑफिसात तपासणी होती, साहेब आले होते. मी बाटली दोन्ही तळव्यांत धरून चोळली, तसंही ते औषध मिसळायला चोळावं लागतंच. थोड्या वेळात ते पातळ झालं, नेहमीसारखं दुधाळ दिसायला लागलं. फक्त काचेला आतून पांढरे बारीक कण चिकटलेले होते. मी आणखी चोळलं. काही गेले, काही राहिले. तुम्ही भिंतीकडे तोंड करून बसला होता. "काय झालं? आज सांगलीच लागेना का?"

"लागली, लागली," मी म्हटलं, आणि टोचलं.

कोपऱ्यावर औषधाचं दुकान आहे, आई. चालत गेलं तरी पाय दुखायच्या आत येतं. त्या संध्याकाळी मी त्याच्यासमोरून आलो. नवी बाटली घेतली नाही. घेतली असती तर माधवीनं विचारलं असतं, अर्धी असताना नवी कशाला, आणि मला सांगावं लागलं असतं की मी तुमची बाटली बर्फ केली. एवढंच. एवढ्याशा लाजेसाठी. मनात म्हटलं, गारच झालंय ना, जळलं तर नाही. मी बटण एका आकड्यानं मागे फिरवलं, बाटली परत फ्रिजच्या दारात ठेवली, आणि कुणाला काही बोललो नाही. संध्याकाळी माधवीनं त्याच बाटलीतलं तुम्हाला दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दिलं. मग तिनं. मग मी.

तुम्हाला तहान फार लागायला लागली. मेमध्ये जयपुरात कुणाला लागत नाही? तुम्ही दुपारी जास्त झोपायला लागलात. आम्ही म्हटलं, उन्हाचं. बोटाला टोचून साखर बघायला तुम्ही नको म्हणायचात, आणि मी, ज्याला भीती वाटायला हवी होती, तोही आग्रह करत नव्हतो. आकडा आला असता तर मला कळलं असतं. मला कळून घ्यायचं नव्हतं.

आणि त्याच दिवसांत तुम्ही रेवाकडून चोरून आइस्क्रीम घेतलंत. एक चमचा नाही, वाटी. दोनदा. माधवी घरात नसताना. "दे की गं थोडं, कुणाला कळतंय." तिनं साखर कमी घातली होती, तुमच्यासाठी म्हणून वेगळं केलं होतं. तुमचं दोघींचं ते गुपित होतं. किती साधं गुपित, माझ्या गुपिताच्या शेजारी.

मग तो दिवस. तुम्ही उठवूनही नीट उठत नव्हता, श्वास जोरात चालत होता. माधवीनं तुमच्या बोटाला सुई लावली तर मशीनवर आकडाच आला नाही, आकड्यापलीकडे गेल्याची खूण आली. हॉस्पिटलच्या त्या खोलीबाहेर डॉक्टरबाई आल्या, तरुण होत्या, भराभर विचारत होत्या.

"इंसुलिन रेगुलर चल रहा था? मीठा ज़्यादा तो नहीं हो गया?"

माझ्या मागून रेवाचा आवाज आला. "आइसक्रीम खाई थी नानी ने... दो बार. मैंने दी थी."

माधवी वळली. मी तिचा तो चेहरा आधी कधी पाहिला नव्हता. "तुला सांगितलं होतं ना, एक चमचा! एक चमचा, रेवा!" कॉरिडॉरमधले लोक बघायला लागले. रेवा भिंतीला टेकली.

डॉक्टरबाईंनी मान वर न करता विचारलं, "और इंसुलिन रखते कहाँ हैं?"

"फ्रिज में," माधवी म्हणाली.

"फ्रिज में कहाँ?"

"दरवाज़े में," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. त्या दिवशी बाटली दारातच होती. डॉक्टरबाई "ठीक है" म्हणाल्या आणि आत गेल्या. मी आयुष्यात जितकं खोटं बोललो असेन, ते सगळं मिळूनही त्या एका खऱ्या वाक्याएवढं भरणार नाही.

संध्याकाळी घरी कपडे आणायला आलो तेव्हा बाटलीचं खोकं उघडून आतला घडीचा कागद वाचला. लिहिलेलं होतं. एकदा गोठलेलं औषध वापरू नये, काचेला कण चिकटले असतील तर वापरू नये. कागद त्या खोक्यात पहिल्या दिवसापासून होता. बाटली मी रुमालात गुंडाळून बॅगेत टाकली.

हॉस्पिटलच्या औषधानं तुमची साखर उतरायला लागली. तुम्ही डोळे उघडलेत. माधवी खाली गेली होती, मी एकटाच बसलो होतो. तुम्ही म्हणालात, "अविनाशराव, तुमचा आवाज असा का येतोय?"

"एसीमुळे, घसा धरलाय."

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिलात. नंतर हळू म्हणालात, "मुलीला रागावू नका म्हणावं माधूला. मीच मागितलं होतं." आणि डोळे मिटलेत.

तुमच्या कानाला माझं काही कळलं होतं का? आयुष्यभर तारांवरून लोकांचे आवाज ऐकलेल्या बाईला माझ्यासारख्याचा आवाज कळला नसेल, यावर माझा विश्वास नाही. पण तुम्ही विचारलं नाहीत, आणि मी सांगितलं नाही. तेवढा वेळ आपल्याला मिळाला होता, आई. तुमचा निरोपसुद्धा मी माधवीला लगेच दिला नाही. तो द्यायचा तर तिनं विचारलं असतं, आई आणखी काय म्हणाली. मग छातीतला संसर्ग वाढला आणि दुसरी संधी आली नाही.

डॉक्टरबाई नंतर म्हणाल्या, संसर्ग आधीपासून असेल, वय होतं, साखर वाढली की शरीर लढत नाही. कशामुळे किती, ते त्यांनी सांगितलं नाही. कुणी सांगूही शकणार नाही. मी गुन्हा वजन करून घ्यायला तयार होतो, पण तराजूच नाही.

तुमच्या तेराव्याला सांगलीहून तुमचा सुधीर आणि वहिनी आले होते. गुरुजी म्हणाले, घरातल्या सगळ्यांनी गोडाचा एक घास घ्यायचा, सुतक संपवायचं. वहिनींनी खिरीची वाटी रेवापुढे केली. रेवानं मान हलवली. वहिनी म्हणाल्या, "घे बाळा, आजीच्या नावानं घ्यायचं असतं."

माधवी तिथेच वाढत होती. दमलेली, रडून सुजलेली. तिच्या तोंडून निघालं, "राहू दे तिला. गोडाचं तिनं आजीला भरपूर खाऊ घातलंय."

सुधीरनं रेवाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तेव्हा बोलायला हवं होतं. माझं तोंड उघडलंही. त्यातून आलं, "वय झालं होतं त्यांचं."

रेवा उठून आत गेली. त्या दिवसापासून ती जेवायची बंद झाली. अगदी बंद असं नाही, पुढ्यात बसायची, अर्धी पोळी चिवडायची आणि उठायची. गोड तर नाहीच. फ्रिज उघडायची नाही. क्लासला गेली तर तिथे चक्कर आली, तिच्या मैत्रिणीनं घरी आणून सोडलं. माधवी तिच्या ताटात वाढायची, पण तिच्याशी बोलायची नाही. दोघी एकमेकींच्या समोर तुमच्यासाठी रडायच्या आणि एकमेकींना हात लावायच्या नाहीत. आणि मी बॅग खांद्याला लावून ऑफिसला जायचो.

तुम्ही असता तर हे दोन दिवससुद्धा चालू दिलं नसतंत.

परवा रविवार होता. दुपारी माधवी आत पडली होती. रेवा जेवणाच्या टेबलाशी मोबाईल घेऊन बसली होती, शेजारी कागद-पेन. मी पाणी प्यायला आलो तर तिनं विचारलं, अगदी शाळेचा अभ्यास विचारावा तसं, "बाबा, आंब्यात जी शुगर असते ती पण धरायची ना?"

"कशात?"

"आजीच्या. मी काढतेय, दोन वाट्यांत किती गेली. वरची साखर मी कमीच टाकली होती. पण रसाची, मतलब, मी धरलीच नव्हती." तिनं पेन कागदावर टेकवलं. "तेच राहून गेलं माझ्याकडून."

ती रडत नव्हती. ती स्वतःच्या अपराधाचं गणित पक्कं करत होती, नीट, एकही गोष्ट सुटू नये म्हणून. माझी सोळा वर्षांची मुलगी माझ्यापेक्षा जास्त प्रामाणिकपणे माझा गुन्हा स्वतःवर घेत होती.

मी बॅग आणली. माधवीला हाक मारली. चष्म्याची डबी टेबलावर उघडली आणि रुमाल सोडला. मग सांगितलं, जसं आता तुम्हाला सांगितलं तसं. बटण. ट्रे. गोठलेली बाटली. तळव्यांत चोळणं. कोपऱ्यावरचं दुकान. मधेच थांबलो आणि पुन्हा सुरू केलं, कारण अर्धं सांगून ठेवलं असतं तर उरलेलं अर्धं मी परत लपवलं असतं. तुमचा निरोपही दिला, उशिरा का होईना.

माधवीनं बाटली उचलली. उजेडात धरली. काचेवरचे कण बघत ती म्हणाली, "संध्याकाळचं मी देत होते."

"हो."

"ह्याच्यातूनच."

"हो."

"आणि तू बघत होतास, मी देताना."

मी म्हटलं, "डॉक्टर म्हणाल्या होत्या की छातीत आधीपासून..."

"ते नको आता," ती म्हणाली. "ते बोलू नकोस."

रेवानं औषधाबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ती म्हणाली, "बाबा, हॉस्पिटलमध्ये मम्मी मला बोलली, तेव्हा तुम्हाला माहीत होतं?"

"तेव्हा पूर्ण माहीत नव्हतं. शंका होती."

"आणि तेराव्याला?"

"हो. माहीत होतं."

"मतलब सगळे बसले होते, मामा-मामी पण, तेव्हा."

"हो, रेवा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्यात राग असता तर मला बरं वाटलं असतं. ती माझी नव्यानं ओळख करून घेत असल्यासारखी बघत होती. मग माधवीनं टेबलावरून हात पुढे केला आणि तिचं मनगट धरलं. "माझं चुकलं गं," ती म्हणाली. "तू काही केलं नव्हतंस. मी तुला..." रेवा रडायला लागली. तुम्ही गेल्यापासून ती अशी रडलेली मी पाहिली नव्हती. माधवी उठून तिच्यापाशी गेली. मी तिथेच उभा होतो. त्या दोघींना तेव्हा माझी कसलीही गरज नव्हती, आणि मी जवळ जावं असं काही मी ठेवलंही नव्हतं.

आता रेवा माझ्याशी बोलत नाही. माधवी दूध आलं का, कुलूप लावलंस का, एवढं बोलते. काल सकाळी तिनं एकच विचारलं, "आईला त्यामुळे त्रास झाला असेल का? खरं सांग." मी म्हटलं, "मला माहीत नाही." तिनं मान हलवली. निदान ते उत्तर तिनं खरं म्हणून घेतलं. सुधीरलाही मी फोन करून सांगितलं. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला.

तुमची क्षमा मागायला मी हे लिहायला बसलो नव्हतो. तुम्ही दिली असतीत, आणि ती घेऊन मी पुन्हा आरामात बसलो असतो. मला फक्त तुम्हाला कळवायचं होतं, कारण ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यात तुमचा नंबर पहिला होता आणि मी तुम्हालाच सांगितलं नाही. आणि आणखी एक. ज्या घरात मी आलो की कुणीतरी माझ्या पावलांवरून, माझ्या एका "आलो"वरून दिवस कसा गेला ते ओळखून आधी पाणी द्यायचं की चहा ते ठरवायचं, त्या घरात मी काही वर्षं राहिलो. ते माझ्या नशिबात होतं. ते मी विसरणार नाही.

काल रात्रीच्या जेवणाला माधवीनं आमटी-भात केला होता. आम्ही तिघं बसलो. रेवानं ताटातला भात संपवला. मी मान खाली घालून जेवत होतो, तरी मला दिसलं. मग ती आईला म्हणाली, "मम्मी, अजून आहे?"

"आहे की," माधवी म्हणाली, आणि वाढला. आमटी वाढली. रेवानं तोही संपवला.

मी माझं ताट उचलून मोरीत नेलं. मागे त्या दोघी तुमच्याबद्दल काहीतरी बोलायला लागल्या होत्या, हळू आवाजात. मी नळ बारीक सोडला आणि ताट घासत राहिलो, त्यांचं बोलणं ऐकू यावं म्हणून.